रिकामी पायरी

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे कॅलिफोर्नियात दोन महिने राहण्याचा योग आला. अमेरिकेला गेलेल्या आईबापांचा दिनक्रम आता आपल्याकडे घरोघर ठाऊक झाला आहे, तेव्हा त्याचे वर्णन करून वाचकांना छळत नाही. शनिवार-रविवारी जावईबापूंच्या मोटारीत बसायचे आणि दाखवतील ते पाहायचे. सोनेरी म्हणून जगभर गाजलेला आणि प्रत्यक्षात तांबडा असलेला तो पूल पाहिला, समुद्र पाहिला, आकाशाला भिडलेली झाडे पाहिली. मग एका शनिवारी मीच हट्ट धरला, की सॅन होजेच्या विद्यापीठाच्या आवारात एक शिल्प आहे, ते मला पाहायचे आहे.

"बाबा, पुतळे पाहायला इतक्या लांब कशाला यायला हवं होतं? आपल्याकडे काय कमी आहेत?" मुलगी म्हणाली. पण नेले.

ज्या दोन माणसांचे ते शिल्प आहे त्यांची नावे कदाचित वाचकांच्या चटकन ध्यानात येणार नाहीत. त्यांचे छायाचित्र मात्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. १९६८ सालची मेक्सिको शहरातली ऑलिंपिक स्पर्धा. दोनशे मीटरची शर्यत संपली आहे, पदके गळ्यात पडली आहेत, अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजते आहे. आणि पहिला व तिसरा आलेले दोन कृष्णवर्णीय तरुण मान खाली घालून, काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ आकाशात रोखून उभे आहेत. पहिला टॉमी स्मिथ, तिसरा जॉन कार्लोस. त्यांच्यापुढे, दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर, एक गोरा तरुण हात सरळ खाली सोडून उभा आहे. तो ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. छायाचित्र पाहताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझेही कित्येक वर्षे गेले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. कारण पुढे जे लिहायचे आहे ते बरेचसे त्याच्याविषयीच आहे.

स्मिथ आणि कार्लोस हे दोघेही त्या वेळच्या सॅन होजे स्टेट कॉलेजातले. म्हणून शिल्प तिथे.

पहिल्या दर्शनाने माझी निराशा झाली. हिरवळीवर, झाडांच्या सावलीशेजारी, गडद निळे कपडे घातलेले दोन राक्षसी आकाराचे पुरुष उभे होते. चौथऱ्यापासून वर उगारलेल्या मुठींपर्यंत या शिल्पाची उंची सुमारे बावीस फूट भरते. पोलादी सांगाड्यावर फायबर ग्लास चढवून वरून चिनी मातीच्या चकचकीत तुकड्यांची नक्षी केली आहे. ट्रॅकसूटचा निळा रंग, त्यावरच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या, सगळे या तुकड्यांतून उठवलेले. उन्हात ते लखलखत होते. ब्राँझची काळोखी, पावसाने आलेला हिरवट गंज, दगडाचे वजन, यांची ज्याच्या डोळ्यांना सवय आहे त्याला हे सारे एखाद्या जत्रेतल्या देखाव्यासारखे वाटावे, यात नवल नाही. नातीला मात्र ते फार आवडले. "आजोबा, बाथरूमच्या टाइल्स!" असे ओरडून ती धावत सुटली. तिची टीका माझ्या मनातल्या टीकेहून फारशी वेगळी नव्हती.

पण शिल्पाजवळ थोडे थांबावे लागते. चित्राला एकच बाजू असते. शिल्पाभोवती फिरता येते, आणि एका जगप्रसिद्ध छायाचित्रावरून शिल्प घडवणाऱ्याला हाच एक मोठा फायदा असतो. छायाचित्रात जे निसटते ते त्याला दाखवता येते. या शिल्पकाराचे नाव रिगो २३. नावापुढचा आकडा चुकून पडलेला नाही. तो त्या नावाचाच भाग आहे. हा गृहस्थ मूळचा पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचा, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत येऊन राहिलेला आणि भिंतींवरच्या प्रचंड चित्रांसाठी ओळखला जाणारा. भिंत रंगवणाऱ्याचा हात या शिल्पातही दिसतो: दुरून ओळखू यावे, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवावे, ही त्याची पहिली काळजी. त्याने स्मिथ आणि कार्लोस या दोघांच्या शरीरांची यंत्राने मापे घेऊन त्यांवरून आकृती तयार केल्या. त्या वेळी दोघांनीही साठी गाठली होती. चेहरे मात्र विशीतलेच आहेत, आणि शिल्पाचा सगळा थिल्लरपणा, निदान मला जो वाटला तो, त्या चेहऱ्यांपाशी येऊन थांबतो. त्यांत राग नाही. विजयाचा आनंद तर नाहीच. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी एक एकाग्र खिन्नता असते, तीच तिथे आहे. "मूठ उगारली" असे वर्तमानपत्रांतून वाचून ज्यांनी या प्रसंगाची कल्पना केली असेल, त्यांनी हे खाली झुकलेले चेहरे पाहायला हवेत.

मग पायांकडे पाहावे. दोघांच्याही पायांत बूट नाहीत, नुसते मोजे आहेत. हे काळे मोजे म्हणजे दारिद्र्य. पदक घ्यायला ते असेच गेले होते, एकेक बूट हातात घेऊन. शिल्पकाराने ते बूट चौथऱ्यावर ठेवले आहेत: एक कार्लोसच्या बाजूला, एक स्मिथच्या मागे. देवळाच्या दारात काढून ठेवलेल्या वहाणांची आठवण मला झाली, ती माझी सवय. रिगोच्या मनात तसे काही असेल असे मी म्हणत नाही. कार्लोसच्या गळ्यातली माळ ही झाडांना लटकावून मारलेल्या, समुद्रात फेकून दिलेल्या त्याच्या लोकांसाठी होती. ट्रॅकसूटची चेन उघडी, ती अंगमेहनत करणाऱ्या कामगारांसाठी. हातमोजांची हकीकत तर आपल्या घरातल्या गडबडीसारखी आहे. कार्लोस आपली जोडी खोलीवर विसरून आला. एकच जोडी, माणसे दोन. तेव्हा एकेक घाला, असे सुचवले ते नॉर्मनने, असे सांगतात. म्हणून स्मिथची उजवी मूठ वर, कार्लोसची डावी. स्मिथचा हात खांबासारखा ताठ, कार्लोसचा कोपरात किंचित वाकलेला. इतक्या सावधपणे योजलेल्या कृतीत हा एक विसराळूपणा राहून गेला आणि त्यामुळेच त्या दोन मुठींची एक कमान झाली. कलेच्या इतिहासात असे अपघात पुष्कळ आहेत.

इथे प्रसंगाची थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे, नाहीतर या मुठी नुसत्याच हवेत राहतील.

सॅन होजेचे हे कॉलेज त्या काळी धावपटूंसाठी प्रसिद्ध होते. बड विंटर नावाचा शिक्षक तिथे वाऱ्यासारखी धावणारी मुले तयार करी. गावाचे नावच 'वेगाचे शहर' असे पडले होते. टॉमी स्मिथ टेक्ससमधल्या एका गरीब शेतमजुराचा मुलगा. लहानपणी त्याने शेतात कापूस वेचलेला. कार्लोस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. ही मुले कॉलेजसाठी विक्रम करीत, वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे छापून येत, आणि कॉलेजच्या आसपास भाड्याने खोली शोधायला ती गेली की दारे बंद होत. शर्यतीत पुढे असलेला पोरगा शेजारी नको! हॅरी एडवर्ड्स हा समाजशास्त्राचा तरुण अध्यापक. त्याने १९६७ साली या प्रश्नावरून आवाज उठवला, तो इतका, की मोसमातला फुटबॉलचा पहिला सामनाच रद्द करावा लागला. त्याच वर्षी त्याच्याच पुढाकाराने मानवी हक्कांसाठीची ऑलिंपिक चळवळ उभी राहिली. कृष्णवर्णीय खेळाडूंनी मेक्सिकोला जाऊच नये, असा तिचा पहिला विचार होता. तो जमला नाही. जे गेले त्यांनी आपापल्या परीने काय करायचे ते करावे, असे ठरले.

खोलीची ही हकीकत मराठी वाचकाला नवी वाटू नये. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाची विद्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी खानावळीत नाव लपवून राहावे लागले, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. इतक्या दूरच्या दोन गोष्टी एकत्र आणण्यात अतिप्रसंग आहे असे कोणाला वाटले, तर १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी दलित पँथर काढली त्यांनी ते नाव कुठून घेतले होते, याची आठवण करून द्यावीशी वाटते.

तर १६ ऑक्टोबर १९६८. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झालेला. स्पर्धा सुरू होण्याच्या दहा दिवस आधी खुद्द मेक्सिको शहरात, त्लातेलोल्को चौकात, सरकारी फौजेने निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळीबार केलेला. उपांत्य फेरीत स्मिथचा मांडीचा स्नायू दुखावला होता. तरीही तो अंतिम शर्यत १९.८३ सेकंदांत धावला. तो जागतिक विक्रम ठरला, आणि त्यातही शेवटचे काही मीटर तो दोन्ही हात पसरून धावत होता. नॉर्मन २०.०६, कार्लोस २०.१०. पदके घेऊन झाल्यावर जे घडले ते राष्ट्रगीत संपेपर्यंतचे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज संतापले, आणि दोनच दिवसांत त्या दोघांना अमेरिकेच्या संघातून काढून क्रीडानगरीबाहेर पाठवण्यात आले. खेळात राजकारण नको, हे ब्रंडेज यांचे जुने पालुपद. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरच्या नावाने हजारो हात वर झाले, तेव्हा अमेरिकेचा संघ तिथे गेलाच पाहिजे म्हणून हेच गृहस्थ भांडले होते. काही हात राजकारणाचे असतात, काही नसतात, असा त्यांचा हिशेब असावा. पदके काढून घेतली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. पदके त्यांच्याकडेच राहिली. बाकीचे बरेच गेले. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, नोकऱ्या मिळेनात, घरांवर त्याची सावली पडली.

आता त्या पायरीकडे वळतो.

चौथरा तीन पायऱ्यांचा आहे. मधल्या उंच पायरीवर स्मिथ, एका बाजूला कार्लोस, आणि दुसऱ्या क्रमांकाची पायरी मोकळी. हे मी आधी कुठेतरी वाचले होते, तरी प्रत्यक्ष पाहिल्यावर मला खरोखर राग आला. नॉर्मनच्या बाबतीत इतके झाले तेवढे पुरे नव्हते काय? त्या दिवशी त्याने मूठ वर केली नाही, पण छातीवर त्या चळवळीचा बिल्ला लावला. बिल्ला त्याच्याकडे नव्हता. अमेरिकेच्याच एका नौकापटूकडून त्याने तो मागून घेतला. तुमच्याबरोबर मी उभा राहीन, असे त्याने त्या दोघांना आधीच सांगितले होते. साल्व्हेशन आर्मीच्या धार्मिक वातावरणात वाढलेला, शाळेत शिकवणारा हा माणूस. माणसे सारखी आहेत हे त्याला घरातच शिकवले गेले होते. पुढे पात्रतेच्या वेळेत अनेकदा धावूनही १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याची निवड झाली नाही. ही शिक्षा होती की निवड-शर्यतीत तो मागे पडला म्हणून असे झाले, यावर ऑस्ट्रेलियात आजही वाद चालतो. वाद काहीही असो, तो पुन्हा कधी ऑलिंपिकमध्ये धावला नाही. आणि त्या दिवशीची त्याची वेळ? ती त्याच्या देशात २०२४ च्या डिसेंबरपर्यंत कोणाला मोडता आली नाही. छप्पन्न वर्षे! असा माणूस, आणि ज्या एका जागी त्याला उभे करायचे तिथेही त्याची जागा रिकामी.

माझा राग निराधार होता, हे लगेच कळले. पायरीवर एक पाटी आहे. ऑस्ट्रेलियाचा सहखेळाडू पीटर नॉर्मन इथे यांच्या साथीला उभा होता असे सांगून ती वाचणाऱ्यालाही उभे राहायला सांगते. जागा मोकळी ठेवावी ही नॉर्मनचीच इच्छा होती. येणाऱ्या कोणालाही तिथे उभे राहता यावे, आपल्याला जे वाटले ते त्यालाही वाटून पाहता यावे, म्हणून. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये शिल्पाचे अनावरण झाले तेव्हा तो स्वतः ऑस्ट्रेलियाहून आला होता. पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर २००६ रोजी, तो वारला. मेलबर्नमध्ये त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस दोघेही गेले होते.

इंग्रजीत त्या पाटीवरच्या शब्दांना दोन अर्थ आहेत, उभे राहणे आणि भूमिका घेणे. आपल्या मराठीत एखाद्याच्या 'पाठीशी उभे राहणे' या तीन शब्दांत ते दोन्ही आपोआप येतात. पण प्रत्यक्षात नॉर्मन त्या दोघांच्या पाठीशी उभा नव्हता, पुढे होता. झेंड्यांकडे तोंड करण्यासाठी तिघेही वळले तेव्हा त्याची पाठ त्यांच्याकडे झाली. आपल्या मागे काय चालले आहे हे त्याला दिसतच नव्हते! काय होणार ते ठाऊक होते, होताना मात्र पाहता आले नाही. जगाने जे पाहिले ते न पाहिलेला त्या मंचाजवळचा हा एक माणूस.

माणसाची इच्छा होती म्हणून टीकाकाराने गप्प बसावे, असे नाही. हेतू थोर असतो आणि कृती फसते, हे आपण साहित्यात रोज पाहतो. म्हणून मी मुलीला सांगितले की तुम्ही आईस्क्रीम वगैरे खाऊन या, मी इथे बसतो. आणि समोरच्या बाकावर बसून जवळजवळ तासभर लोक त्या पायरीचे काय करतात ते पाहिले. शनिवार असल्याने गर्दी बेताची. दोन मुली आल्या, एकीने चढून मूठ वर केली, दुसरीने छायाचित्र घेतले, मग जागा बदलली. एक मोठे कुटुंब आले, आजी सोडून सगळे चढले, सगळ्यांच्या मुठी वर. एक विद्यार्थी आला, पाठीवरची पिशवी पायरीवर ठेवून बुटाची नाडी बांधली आणि निघून गेला; त्याला रोजचेच. एका तरुण बापाने कडेवरच्या मुलाची चिमुकली मूठ आपल्या हाताने वर धरली. मूल हसत होते.

माझ्या लक्षात आले की सगळेच मूठ वर करतात. नॉर्मनच्या जागी उभे राहून प्रत्येक जण स्मिथ होतो. आणि जो तिथे उभा होता त्याने तर हात खाली ठेवले होते. ज्याचे दुःख आहे त्याने मूठ उगारावी. ते आपले नाही, आपण फक्त त्याच्याबरोबर दिसायचे आणि त्याची किंमत द्यायची, एवढे तारतम्य त्या सव्वीस वर्षांच्या माणसाला होते. पायरी त्याच्या इच्छेने मोकळी राहिली खरी, पण त्या मोकळ्या जागेत त्याचे हात खाली ठेवणे हरवून गेले. हा शिल्पाचा दोष की पाहणाऱ्यांचा? मी दोन्हीकडे बोट दाखवीन. एवढ्या मोठ्या दोन मुठी डोक्यावर असताना कोणाचा हात खाली राहील? आणि आकाराचा प्रश्न आहेच. त्या दोघांच्या शेजारी चढलेला धडधाकट पुरुषसुद्धा बापाचा सदरा धरून उभ्या राहिलेल्या पोरासारखा दिसतो. मेक्सिकोत तिघे एकाच उंचीच्या मापातले होते, धावून दमलेले, घामेजलेले. साथ देणाऱ्याचे माप साथ घेणाऱ्याइतके असले तरच त्या सोबतीला अर्थ. इथे पायरी आपल्याला वर बोलावते आणि वर गेल्यावर लहान करते.

वॉशिंग्टनमध्ये आफ्रिकी-अमेरिकन इतिहासाचे जे राष्ट्रीय संग्रहालय २०१६ साली उघडले, तिथे या प्रसंगाचे दुसरे शिल्प आहे आणि त्यात तिघेही आहेत. मेलबर्नमध्ये २०१९ साली एकट्या नॉर्मनचा पुतळा उभारला गेला. त्याआधी २०१२ साली तिथल्या संसदेने त्याची माफी मागितली होती, तो गेल्यावर सहा वर्षांनी. ही दोन्ही शिल्पे मी केवळ छायाचित्रांत पाहिली आहेत, म्हणून त्यांच्याविषयी जास्त बोलत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ती अधिक न्यायाची आहेत यात शंका नाही. पण ती पाहून माणूस पुढे जाईल. तासभर बाकावर बसून लोक काय करतात हे पाहावे असे त्यांच्यापुढे काही घडत असेल, असे मला वाटत नाही. सॅन होजेच्या शिल्पात चूक करायला जागा आहे, आणि लोक ती हौसेने करतात. चिनी मातीच्या तुकड्यांनी मला जितके खटकवले त्याहून कितीतरी जास्त त्या मोकळ्या पायरीने मला तिथे धरून ठेवले.

विद्यापीठाविषयी मात्र दोन कडवे शब्द लिहावेच लागतील. १९६८ साली कॉलेजचे अध्यक्ष रॉबर्ट क्लार्क यांनी आपल्या या दोन विद्यार्थ्यांची उघड बाजू घेतली होती, ही त्यांच्या मोठेपणाची गोष्ट. त्यांच्या नावाची इमारत शिल्पापासून जवळच आहे. पण त्यानंतर सदतीस वर्षे संस्थेला या दोघांचा सन्मान करावासा वाटला नाही. शेवटी पुढाकार घेतला तो विद्यार्थ्यांनी. आपल्याच आवारात शिकलेल्या या माणसांची इथे एक खूणही नाही, असे एका गोऱ्या विद्यार्थ्याला वर्गात बसल्या बसल्या वाटले, आणि त्यातून विद्यार्थी संघटनेने पैसे जमवायला सुरुवात केली. खर्च तीन लाख डॉलर्सच्या वर गेला. आणखी एक गोष्ट: ज्या धावण्याने हे सारे घडले, तो पुरुष धावपटूंचा संघच विद्यापीठाने १९८८ साली बंद केला होता. अनावरण झाले तेव्हा आवारात दोन धावपटूंचे पुतळे होते आणि त्यांच्या मागे धावणारा संघ नव्हता! २०१८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्या शर्यतीला पन्नास वर्षे होत होती. बंडखोरांचा सन्मान संस्था करतात तो त्यांच्यापासून काही धोका उरला नाही अशी खात्री पटल्यावर, हा नियम कॅलिफोर्नियाचाच आहे असे नाही. आपल्याकडच्या चौकाचौकांतून तो पाहायला मिळतो. फरक इतकाच, की आपण चौथऱ्याभोवती कुंपण घालतो, हार चढवण्यासाठी शिडी लावतो, आणि उरलेले वर्षभर त्याच्यावर कोणी पाय ठेवू नये म्हणून पहारा ठेवतो. पाहणाऱ्याने वर चढून शेजारी उभे राहावे, ही कल्पनाच आपल्याला पाखंडी वाटेल. मलाही प्रथम पायरीवर पाय टाकताना वहाणा काढाव्याशा वाटल्या.

होय, मी चढलो. मंडळी परत आली आणि नातीने हाताला धरून ओढले. तीन पावलांचे काम, पण गुडघ्यांनी तक्रार केली. वर गेल्यावर नॉर्मन ज्या बाजूला तोंड करून उभा होता तसे उभे राहून पाहिले, ते दोघे पाठीमागे येतील असे. आणि मग ते दिसेनात. एवढे बावीस फुटांचे शिल्प, आणि त्यातल्या एका जागी बरोबर उभे राहिले की ते नाहीसे होते; समोर फक्त हिरवळ, दोन सायकली, आणि डोळ्यांपुढे फोन धरलेली मुलगी. पाठीमागे काहीतरी फार मोठे आहे एवढे मात्र मानेला कळत होते. रिगोने हे योजून केले असेल का, कोण जाणे. मी त्या वेळेपुरते त्याला टाइल्सची माफी दिली.

"आजोबा, हात वर करा ना! सगळे करतात," नात खालून म्हणाली.

"त्यानं नव्हता केला गं."

"कुणी?"

"सांगतो खाली आल्यावर."

छायाचित्र काही चांगले आले नाही. रेशनच्या रांगेत नंबर लागायची वाट पाहत असलेल्या माणसासारखा मी दिसतो, असे घरच्यांचे मत आहे. परतीच्या वाटेवर मोटारीत नॉर्मनची गोष्ट सांगितली. नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले की तो बिल्ला त्याने नंतर परत केला का.